कढीपत्त्यावरची पाटी

कॅमेरा पाखरासाठी आहे, हे जहिराला पक्कं ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

श्रीगोंद्याच्या हायस्कुलात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून ती गेल्या वर्षी निवृत्त झाली होती. यंदा अंगणातल्या कढीपत्त्यावर शिंजिराच्या मादीने घरटं बांधलं. पालापाचोळा कोळ्याच्या जाळ्याने सांधून केलेली ती मूठभर पिशवी वाऱ्यावर झुलायची. फळ्यावर जहिराने शेकडो चोची काढल्या होत्या, पण एक आई दिवसातून किती वेळा भरवते, हे कधी मोजलं नव्हतं. आता ते मोजायचं तिने ठरवलं. तिचे यजमान चांदभाई नगरहून छोटासा कॅमेरा घेऊन आले आणि समोरच्या खांबाला तो बांधून दिला. घरट्याचं चित्र थेट तिच्या मोबाईलवर दिसू आणि साठू लागलं. दोन दिवसांत तिच्या वहीची चार पानं भरली.

तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या खोक्यातून एक स्टिकर निघालं. चांदभाईंचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एक वायसरही टाकून दिला नव्हता. त्यांनी स्टिकर पत्र्यावर चिकटवलं आणि पत्रा तारेने कढीपत्त्याच्या खोडाला बांधला. ‘सावधान! तुम्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात.’

“हे कशाला?” जहिराने विचारलं.

“फुकट आलंय. फेकून देऊ का?”

“अहो, पक्ष्यांना वाचता येत नाही.”

“मग त्यांना त्रास नाही. राहू दे.”

पक्ष्यांना येत नव्हतं. भागूबाईंना येत होतं.

भागूबाई शेजारच्या. दोन घरांमधली भिंत एका जागी पडलेली होती आणि ती कुणी बांधून घेतली नव्हती, कारण तीच त्यांची वाट होती. चुलीवर तेल ठेवून त्या रोज सकाळी त्या खिंडारातून यायच्या आणि “भाभीऽ, कडीपत्ता नेते वोऽ!” अशी आरोळी ठोकायच्या. ती परवानगी नव्हती, वर्दी होती. वीस वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशीही त्या आल्या. त्यांनी पाटी अक्षर अक्षर लावून वाचली, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून सविता दारात आली. हातात बाजारच्या कढीपत्त्याची पिशवी.

“आत्यांनी दिलाय.”

“अगं, आमच्याकडे झाड आहे की!”

“म्हनल्या, झाडावर नजर ठिवलीया. भाभीला सोताला तोडायची बी चोरी झाली आसंल.”

पिशवी ठेवून सविता गेली. पुढच्या दिवशी संध्याकाळी, दोन ईदांपूर्वी कुणीतरी नेलेला शेवयांचा साचा ओट्यावर गुपचूप येऊन बसला. चांदभाई खूश झाले. “काय कॅमेरा आहे! न बोलता वसुली!”

जहिराचं लक्ष मात्र वहीतल्या दुसऱ्याच रकान्यात होतं. कावळा. पहिले दोन दिवस शून्य. त्यानंतर दोन वेळा, पाच वेळा, नऊ वेळा. आधी तारेवर, मग भिंतीवर, आज कढीपत्त्याच्या शेंड्यावर. पिलांना उडायला अजून पाचएक दिवस लागणार होते. नऊनंतर कितीचा आकडा येईल आणि त्या आकड्याला पिलं असतील का, याचा विचार करताना तिचा चहा गार झाला.

बदललेली गोष्ट एकच होती: भागूबाईंची आरोळी थांबली होती. तरीही खात्री करावी म्हणून ती स्वतः झाडाखाली खुर्ची टाकून बसली. कावळ्याने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि तो आणखी एक फांदी खाली उतरला. मग चांदभाईंनी डबा बडवला. कावळा गेला, पण शिंजीरही गेली आणि अर्धा तास फिरकली नाही. भागूबाईंचा आवाज तिने घरट्याच्या पहिल्या काडीपासून ऐकला होता. त्याचं तिला काहीच नव्हतं.

जहिरा खिंडारातून पलीकडे गेली.

“भागूबाई, तो कॅमेरा पाखरासाठी आहे.”

“पाखरू काय मोटार चोरतंय व्हय तुमची?”

जहिराने मोबाईलवर पहिल्या दिवसाचं चित्र लावलं. भागूबाईंनी डोळे बारीक केले.

“ह्ये घरटं? ह्ये तर मी कवाच पाह्यलंय. म्हनून तर तिकडल्या फांदीला हात लावीत न्हाई मी. भिताडाकडनं वाकून तोडते. कंबर धरली माझी.”

चित्रात खरोखरच त्या अवघडून, भिंतीला चिकटून पानं तोडत होत्या. जहिराने ते दोनदा पाहिलं होतं आणि वहीत ‘मानवी अडथळा’ असं लिहिलं होतं. तिचे कान तापले.

“उद्यापासून या ना. तुमच्या आवाजाने कावळा येत नाही.”

“बगू,” भागूबाई मोबाईलवरून नजर न काढता म्हणाल्या. “ह्यात नुसती पाठच दिसती की वो माझी.”

जहिराने यावर घरी जाऊन नीट विचार केला. बाईमाणसाचं असं पाठमोरं चित्र घेणं बरं नव्हेच. तिने पाटी सोडली, कॅमेराही उतरवला. मोजणी डोळ्यांनी करता येईल.

सकाळी सातला भागूबाई आल्या. अंगावर लग्नातलं जरीकाठी लुगडं, केसांना तेल, नाकात नथ. मागे सविता. झाडाकडे पाठ करून नीट उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी खांबाकडे पाहिलं.

“कॅमेरा कुटंय?”

“काढला. तुम्हाला अवघड वाटायला नको म्हणून.”

“काडला? आन् मी ह्ये नेसून काय वरातीला आले? समद्या आळीला सांगितलंय, भाभी माझं शुटिंग घेनार हायत म्हनून! पाटी लावून चोर केलं, आन् आता काडून खोटारडी केली!”

भिंतीवरचा कावळा उडाला. भागूबाईंचा पट्टा सुरू असतानाच शिंजीर चोचीत कोळी धरून आली, घरट्याला लटकली, आतल्या दोन चोचींत घास भरवून गेली. जहिराने मान खाली घालून घड्याळ पाहिलं. सात वाजून चार मिनिटं. पुन्हा आली, सात वाजून अकरा.

अखेर भागूबाईंना दम लागला. “जाऊ द्या भाभी,” त्या नरमल्या, “तुमच्या मनात काय न्हवतं. माझंच तोंड वाईट.”

दूर तारेवर कावळा परत येऊन बसला होता. तो एक उडी अलीकडे सरकला.

जहिराने आयुष्यात जाणूनबुजून चुकीचं विधान कधी केलं नव्हतं. तिने पेन वहीत ठेवलं आणि घसा साफ केला.

“वाईट आहेच,” ती म्हणाली. “आणि भागूबाई, खरं सांगू? चूक सगळी तुमचीच आहे.”

“माझीऽऽ?”

तार मोकळी झाली.