रत्नीचा दवाखाना

चनबसाप्पा गवळ्याला घरी जायचं होतं. आत्ताच्या आत्ता, उठून. पण बैलगाडी उलटून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, कुबड्याही आल्या. पाय मात्र जमिनीवर टेकायला तयार नव्हता. डॉक्टर नेर्लेकर म्हणाले होते, "व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवा आणि खुशाल शिवाजी पेठेत घरी जा." चनबसाप्पा दोन पावलं टाकायचा, घामाघूम व्हायचा आणि मटकन खाली बसायचा. मग दिवसभर खाटेवर नुसती चुळबुळ. जीव सगळा गोठ्यात.

त्यात बायको गंगव्वा तोंड पाडून आली.

"अवो, रत्नी धार दिना झालीया."

"कोण बसलं हुतं धारंला?"

"मी बसले, तर लाथ झाडली. शिवलिंगभावजी बसलं, त्यास्नी तर उताणंच पाडलं. तुमच्या हाताबिगर पान्हाच सोडत न्हाय बगा."

चनबसाप्पा खाटेवर उठून बसला. दावणीला एकच म्हैस आणि तिच्यावर सगळं घर. असाच पान्हा चोरत राहिली तर आटणारच की! डॉक्टरला हाड कळतं हो, म्हशीचं मन कुठलं कळायला?

"मला जाता येत न्हाय न्हवं? मग तिला हितं आण."

"दवाखान्यात?"

"मग? दूधकट्ट्यावर न्हाय व्हय न्हेत आपण? गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढायची आपली रीत. कट्टा न्हाय तर दवाखाना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नी फाटकातून आत आली. धाकटा भाऊ शिवलिंग आणि वॉर्डातली आया तानाबाई यांनी चनबसाप्पाला खुर्चीसकट उचलून अंगणातल्या लिंबाखाली ठेवलं. त्याचा हात कासेला लागला मात्र, रत्नीनं भडाभडा पान्हा सोडला. "माझी बाय ती," म्हणताना गड्याचे डोळे भरून आले.

गंगव्वानं उपकाराची फेड म्हणून तानाबाईला पेलाभर धारोष्ण दूध दिलं आणि तिथंच घोटाळा झाला. समोर काढलेलं दूध बघून कोल्हापूरचा माणूस खाटेवर पडून राहील? दुसऱ्या दिवशी वॉर्डातून वाट्या निघाल्या, पेले निघाले. दत्तोपंत मास्तर खुब्याचं हाड मोडल्यापासून कुशीवरसुद्धा वळत नव्हते. तेही भिंत धरून आले.

"मास्तर, तुमी चालतायसा?" तानाबाई किंचाळली.

"बोलण्यात वेळ घालवू नका. फेस बसतोय!"

तानाबाई उरलेली पेज बादलीतून रत्नीपुढं ठेवू लागली. कुणी भाकरी चारली, कुणी केळं, कुणी नुसतीच पाठ खाजवली. रत्नीची चंगळ झाली. शेवटी हे सगळं डॉक्टरांच्या कानावर गेलं.

"हा दवाखाना आहे की दूधकट्टा?" डॉक्टर गरजत अंगणात आले. ज्यांच्यापुढं 'चाला हो, चाला' म्हणून त्यांचा घसा बसला होता, ती सगळी मंडळी रांगेत उभी होती. फक्त चनबसाप्पा तेवढा खुर्चीत. डॉक्टरांनी मुकाट्यानं तानाबाईनं दिलेला पेला तोंडाला लावला.

"उद्यापासून म्हैस फाटकाशी बांधायची," ते मिशी पुसत म्हणाले, "आणि यांच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही."

सकाळी फाटकाशी रत्नी हंबरायला लागली. चनबसाप्पा खाटेवर तळमळला. त्यानं शिवलिंगला हाक मारली, डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली, आणि शेवटी कुबड्या ओढल्या. "आलो गं बये, आलो!" फाटकाशी बसून चरवी निम्मी भरली, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपण चालत आलोय. मग तो इतका हसला की चरवी कलंडता कलंडता राहिली.

त्याच आठवड्यात स्वारी घरी आली. पहाटे मोठ्या हौसेनं रत्नीच्या कासेला हात घातला. रत्नीनं आंबोण हुंगलं, मान फिरवली. थेंब नाही!

"आता काय झालं हिला?"

"पेज पायजे असंल," म्हणत गंगव्वानं पेज रांधली. रत्नीनं पेजेकडं ढुंकूनही पाहिलं नाही. दावं सोडताच मात्र ती तरातरा बोळाबाहेर पडली. मागं कुबड्या टाकत चनबसाप्पा, त्याच्या मागं चरवी घेऊन गंगव्वा. रत्नी थांबली ती थेट दवाखान्याच्या फाटकाशी. तानाबाईची बादली आली, भोवती पेलेवाले जमले आणि बाईसाहेबांनी पान्हा सोडला.

तेव्हापासून रोज सकाळी शिवाजी पेठ ते दवाखाना आणि परत. कुबड्या सुटल्या, काठी आली. पुढं काठीही गेली. एके दिवशी डॉक्टर व्हरांड्यातून कौतुकानं म्हणाले, "वा चनबसाप्पा! पाय अगदी ठणठणीत झाला हो तुमचा!"

"माझं ऱ्हाऊ द्या, डॉक्टरसाहेब," चनबसाप्पा कपाळावरचा घाम निपटत म्हणाला, "हिला कवा घरी सोडतायसा त्ये सांगा!"