हिरालालला काढलं कावून?

जुनवानीच्या फुटबॉल टीमनं हिरालालला जनरल मॅनेजर पदावरून काढलं, हे कळताच शेषराव पाव किलो जिलेबी घेऊन घरी आले.

दोघंही पोलाद कारखान्यातून एकाच दिवशी चार्जमन म्हणून निवृत्त झालेले. पण गेल्या दिवाळीत टीमनं हिरालालला हे पद दिलं आणि त्यानं फाटकावर पितळी पाटी ठोकली. 'हिरालाल, जनरल मॅनेजर'. खाली बारीक अक्षरांत 'फुटबॉल'. ती बारीक अक्षरं रस्त्यावरून दिसत नसत. तेव्हापासून शेषराव बाजाराला मागच्या गल्लीनं जात.

संध्याकाळी भागीरथाबाईंच्या चहाटपरीवर वाद रंगला होता.

"गोलकीपर बदलला नं, म्हणून काढलं," राजकुमार म्हणाला.

"नाही जी! बाजूच्या रसमड्याची टीम घाबरून राहिली होती त्याले," भागीरथाबाई म्हणाल्या. "त्यांचाच हात आहे."

"डोकं होतं बाप्पा माणसाले. हुशार माणूस कोनाले पटत नाही," राजकुमारनं मान डोलावली.

शेषरावांचा चहा निवून गेला. आपण चौतीस वर्षं कोक ओव्हनच्या भट्टीपाशी भाजून निवृत्त झालो, तेव्हा लोक पाच मिनिटं बोलले, तेही समोसे गार होते म्हणून. आणि याला हाकललं तरी याचंच कौतुक!

"काम येत नव्हतं त्याले!" ते एकदम ओरडले. "मी असतो तर करून दाखवलं असतं."

ग्लास विसळून व्हायच्या आत टीमची कप्तान दामिनी समोर उभी.

"आजोबा, सच्ची? मग आजपासून तुमीच जीएम!"

तिच्या मागून हिरालाल आला. एका हातात पाटी, खांद्यावर पोतं. आता हा भांडणार, म्हणून शेषराव उठून उभे राहिले. हिरालालनं तर मिठीच मारली.

"लय उपकार केले राजा. पाटीवरचं नाव तेवढं बदलून घे."

घरी येऊन शेषरावांनी आधी पाटीवर आपलं नाव चिकटवून ती फाटकावर ठोकली. मग पोतं उघडलं. आत सोळा गुलाबी जर्सी. टीमची जर्सी तर पांढरी!

"जीएमचं काम एकच," सोबत आलेली दामिनी म्हणाली. "जर्सी धुणं. हिरालाल आजोबानं त्यांच्या घरच्या मैनाआजीच्या लाल लुगड्यासंग भिजवल्या, म्हणून काढलं. परसों मॅच है. सफेद करून द्या."

शेषराव नळापाशी बसले. तीन पाणी झाली, गुलाबी हटेना. फाटकासमोरून हिरालाल हात हलवत टपरीकडे गेला.

"या या, हिरालालभाऊ!" तिकडून आवाज आला. "बसा शेषरावच्या खुर्चीवर. ते आता कामात आहेत."

शेषरावांनी हातातली जर्सी बादलीत आपटली.

"राधे," त्यांनी बायकोला हाक मारली, "तुही ते निळी साडी अजून रंग सोडते का वं?"

"सोडते नं. कावून?"

"आण इकडं."