शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुणांची इस्त्री

रुग्णालयाच्या तळघरातल्या शिवणखोलीतली इस्त्री एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता थंड पडली, ती पडलीच. सेवा एकवीस वर्षं, रजा शून्य. माणूस असती तर निरोप समारंभ झाला असता. शिवणखोलीच्या मावशींनी तिची वायर गुंडाळली, तिला कपाटावर ठेवलं आणि दोन जिने चढून भांडार विभागात अर्ज आणून दिला : ‘इस्त्री हवी. जड, चांगली तापणारी, टोकदार नाकाची. वाफेची नको.’

मी भांडारातला लेखनिक. सव्वीस वर्षांत इतका स्पष्ट अर्ज माझ्या टेबलावर आला नव्हता. तो मंजूर होणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मावशींना घाई होती. थंडी सहा आठवड्यांवर आली होती आणि कमी दिवसांच्या बाळांच्या विभागाला चाळीस गोधड्या हव्या होत्या. गोधडी म्हणजे कापडाचे चौकोन एकमेकांना जोडत जाणं. प्रत्येक जोड शिवून झाला की उलट्या बाजूने इस्त्रीखाली दाबून बसवावा लागतो, नाहीतर शिवणीचा उंचवटा तसाच उभा राहतो. तुम्हाआम्हाला तो जाणवणार नाही. दीड किलोच्या बाळाला जाणवतो.

भांडारप्रमुखांनी अर्ज दोनदा वाचला.

“मावशी, ‘जड’ म्हणजे किती जड?”

“आपल्या वजनाने बसेल इतकी, साहेब. गोधडीत इस्त्री फिरवत नाहीत. ठेवायची, दाबायची, उचलायची.”

“आणि ‘चांगली तापणारी’?”

“पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं पाहिजे.”

“चर्र हे एकक आपल्याकडे नाही,” प्रमुख म्हणाले आणि त्यांनी समिती नेमली.

समितीत सात जण होते. सातांपैकी एकानेही जन्मात इस्त्री हातात धरलेली नव्हती. ही त्यांची उणीव नव्हती, पात्रता होती. निवडणाऱ्याचा वस्तूशी संबंध नसावा असा नियमच आहे. त्याच नियमाने मावशींना वगळण्यात आलं. त्या इस्त्री वापरणार होत्या, म्हणजे त्यांचा हितसंबंध उघड होता. पहिली बैठक इस्त्रीला काय म्हणावं यात गेली. ‘वस्त्रसपाटीकरण साधन’ हे नाव चहानंतर संमत झालं.

दुसऱ्या बैठकीत गुणांचा तक्ता ठरला. सुरक्षिततेला पन्नास, रूपाला वीस, हलकेपणाला पंधरा आणि माहितीपुस्तिकेच्या जाडीला पंधरा. मसुद्यात मी ‘तापणे’ असा एक रकाना घातला होता. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“हे काय? उष्णता हा धोका आहे. उद्या धोक्याला गुण देणार का आपण?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पेन माझ्याच हातात होतं, म्हणून रकाना मीच खोडला.

इकडे गोधड्यांचं भिजत घोंगडं पडलं होतं, पण मावशी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी उपाहारगृहातून जाड बुडाचं एक पातेलं मागून आणलं, शेगडीवर तापवलं आणि जोडांवर ठेवून दाबायला सुरुवात केली. मी एकदा खाली गेलो, तर खोलीत गरम सुती कापडाचा वास भरला होता आणि टेबलावर गोधड्यांची चळत होती. हात फिरवून पाहिला. कुठे शिवण आहे ते बोटांना कळेना.

“समितीचं कुठवर आलं?” मावशींनी विचारलं.

“मुठीच्या आकारावर चर्चा चालू आहे.”

“चालू द्या,” त्या म्हणाल्या. “पातेल्याला मूठ नाही, तरी चाललंय आमचं.”

प्रात्यक्षिकाला तीन इस्त्र्या आल्या. पहिली काळी, जड, टोकदार नाकाची. दारात उभ्या असलेल्या मावशींनी पुढे येऊन तिच्यावर थेंब टाकला आणि चर्र झालं. सहा आठवड्यांत मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं. मग अध्यक्षांनी ती इस्त्री उचलून विषयपत्रिकेवर ठेवली आणि बोलत राहिले. विषयपत्रिकेला तपकिरी त्रिकोण पडला. ‘साधन दाहक आढळल्याने अपात्र,’ असं मी लिहून घेतलं. दुसरी वाफेची होती. तिने थुंकून थुंकून इतिवृत्त ओलं केलं, पण दिसायला देखणी म्हणून टिकली. तिसरी पिसासारखी हलकी होती. तिला छोटा पडदा होता आणि चालू केल्यावर वीस सेकंदांत ती सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडत होती. तापायला तिला चार मिनिटं लागत. हे गणित कोणालाही जमलं असतं. समितीत लेखा विभागाचे दोघे होते.

मग अध्यक्षांना लोकशाही आठवली. दुसरी की तिसरी, हे जनतेला विचारायचं ठरलं. प्रतीक्षाकक्षात फलक लागला, मोबाइलवर प्रश्नावली गेली. पाच प्रश्न होते. चार रंगरूपाचे; पाचव्याकडे मी शेवटी येतो. चार हजार तीनशे बारा लोकांनी मतं दिली. ज्या गावात नळाला पाणी नाही म्हणून चौघं एकत्र येत नाहीत, तिथे इस्त्रीच्या रंगासाठी चार हजार लोक धावले. फिरोजी रंगाची तिसरी इस्त्री प्रचंड मतांनी निवडून आली. एकूण गुण शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. पुस्तिकेला अनुक्रमणिका नव्हती, त्याचे दोन कापले.

लोकार्पण शिवणखोलीतच झालं. त्याला फीत होती. कात्री मावशींचीच मागून घेतली. संचालकांनी चालू इस्त्रीच्या तळाला हात लावून छायाचित्र काढून घेतलं.

“पाहिलंत? लहान मूलसुद्धा हात लावू शकेल.”

“साहेब, ही तापतच नाही,” मावशी म्हणाल्या.

“तेच तर,” संचालक म्हणाले आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांची नजर शेगडीवर गेली. पातेल्यावर पाण्याचा थेंब पडला असावा. ते चर्र बोललं. अनधिकृत वस्त्रसपाटीकरण साधन म्हणून पातेलं जागीच जप्त झालं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण रुग्णालयात कोणी मनावर घेत नाही. पातेलं माझ्या कपाटात आहे. पावती मीच फाडली.

तोवर सतरा गोधड्या झाल्या होत्या. उरलेल्या तेवीस मावशींनी जोड नखाने दाबून दाबून शिवल्या. नखाने जोड बसत नाही, नख मात्र झिजतं. थंडी ठरल्या दिवशी आली. तिला कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती.

आठवड्याने एक तरुण बाप तणतणत तळघरात उतरला. हातात गोधडी होती. कामानिमित्त मीही तिथेच होतो.

“माझ्या पोरीच्या पाठीवर लाल चौकटी उठल्यात. रात्रंदिवस रडतेय. कसल्या गोधड्या शिवता तुम्ही?”

 मावशींनी कपाटातून फिरोजी इस्त्री काढून त्याच्यापुढे ठेवली. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, तरी त्यांनी ती सहज उचलली. हलकी आहे ना. तो पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख पटल्याचा आनंद आला.

“अरे, ही तीच ना? हिला मी मत दिलं होतं.”

“रंग छान आहे,” मावशी म्हणाल्या, आणि गोधडी उसवायला घेतली.

तो खालमानेने वर गेला. मी टेबलाशी आलो आणि मतदारांची यादी काढली. मला त्याची कीव आली होती आणि रागही आला होता. दोन्हींसाठी यादी बरी पडते. चार हजार तीनशे बारा नावं, प्रत्येकापुढे उत्तरं. पाचवा प्रश्न असा होता : ‘इस्त्रीकडून आपली आणखी काही अपेक्षा आहे का?’ खाली मोकळी जागा सोडली होती. एक शब्द लिहिला असता तरी समितीला तो वाचावा लागला असता. तसा नियम आहे.

त्या बापाने ‘नाही’वर खूण केली होती. त्याच्या खालच्या ओळीत तुमचं नाव आहे. तुम्हीही ‘नाही’च म्हटलंय; रंगाच्या प्रश्नापुढे मात्र फिरोजी थोडा गडद हवा होता, असं आवर्जून कळवलंय.