स्लॅबचा दिवस

उद्या स्लॅब टाकायचा होता, म्हणून आप्पा चहाची बशी हातात घेऊन भिंतीवरच्या कामाच्या तक्त्यापुढे उभे होते. त्यांची मुलगी तृप्ती पुण्यात वास्तुरचना आणि बांधकाम व्यवस्थापन असं दोन्हींचं मिळून पदव्युत्तर शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षी स्वतः आखलेलं काम स्वतःच उभं करून दाखवायचं होतं. तिने परतूरच्या राहत्या घरावरची खोली निवडली. तक्त्यात पावसासाठी, सिमेंटच्या उशिरासाठी, मजुरांच्या दांड्यांसाठी राखीव दिवस होते.

"अन् कुणी गचकलं तर?" आप्पांनी विचारलं.

"त्याला रकाना न्हाई, आप्पा."

"मंग काय शिकवून राह्यले तुम्हाला?" आप्पा हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पण ही खोली कुणाला? तू तर तिकडंच नोकरी धरणार."

"प्रोजेक्टला लागते," तृप्ती म्हणाली आणि नकाशा गुंडाळू लागली.

पहाटे आप्पा झोपेतच गेले. रडारडीत काम थांबवायला कडूबा मिस्त्रीला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही. चुलतभाऊ शिवशंकर तिरडीचे बांबू घेऊन आला. अंगणात माणसं दाटली होती, म्हणून त्याने ते मागच्या बोळात टेकवून ठेवले. त्याच बोळातून कडूबा टोळी घेऊन आला. सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचा, एक कोपरा त्याला कालपासून कच्चा वाटत होता. "ताईनं टेकूची सोय बराबर करून ठिवली," म्हणत त्याने बांबू खाली ठोकून बसवले, नारळ फोडला आणि मिक्सर सुरू केला.

त्या घरघरीत गोपिकाआत्यांचा टाहोही बुडाला. शेजाऱ्यांचं काम निघालंय असं वाटून लोक शेजाऱ्यांना शिव्या घालत बसले. शिवशंकर बांबू आणायला गेला, तेव्हा अर्धा स्लॅब ओतून झाला होता.

शिवशंकरने सांगताच कडूबाने घमेलं खाली ठेवलं. "आप्पा? काल तर माझ्यासंगं बिडी ओढली!"

"काढ आधी ते बांबू!" आत्या ओरडल्या.

"काढले तर स्लॅब खाली येईल, आत्या," तृप्ती म्हणाली.

"मंग कधी निघतील?"

"पंधरवड्यानं."

"तवर माझ्या भावाला काय घरात ठिवायचं? दोन-दोन इद्या एकदम शिकून राह्यली, अन् बापाची तिरडी स्लॅबला लावली!"

शिवशंकर पुन्हा बाजारात धावला. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "आत्ताच तर नेलं ना सामान? आता दुसरं कोण?"

इकडे मजूर मिक्सर बंद करून उभे होते. काम असं मध्येच सोडलं तर जुन्या-नव्या काँक्रीटच्या जोडातून पाणी गळणार, जन्मभर. तृप्तीला हे ठाऊक होतं, पण बाप अंगणात असताना मिक्सर चालू करा म्हणायला तिची जीभ रेटेना.

"बोल की," आत्या म्हणाल्या. "थांबलं तर काय व्हईल?"

"गळंल."

आत्यांनी पदराने नाक पुसलं. "गळकं घर ठिवून गेला म्हणतील माझ्या भावाला. कडूबा, चालू कर रे मशीन!"

दुसरे बांबू येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं, म्हणून मयतीला आलेल्यांतले काही जण घमेली देऊ लागले. सिमेंटच्या हातांनीच त्यांनी नंतर तिरडी बांधली. मिक्सर थांबला. एकाएकी सगळं इतकं शांत झालं, की आपण काही बोललो तर सगळ्यांना ऐकू जाईल, हे तृप्तीच्या लक्षात आलं.

ती आप्पांवर वाकली.

"आप्पा, वरची खोली माझीय," ती मोठ्याने म्हणाली. "मी हितंच राहणार होते. तुमच्यापाशी."