टेकडीवरील नभोवाणीची आणि चार हाकांची हकीकत

नादरूपी जगदीश्वरास नमन. टेकडीवरील नभोवाणी कोणी उभारिली, कैसी चालिली आणि कोणे प्रसंगी बुडता वाचली, हे स्वामींनी पुसिले, त्यावरून जे कानी ऐकिले आणि डोळां देखिले तेच लिहिते. पदरचे घातले नाही.

शके अठराशे चौऱ्याण्णव, चैत्र मास. ते समयी टेकडीखाली आगगाडीचे डबे दुरुस्त करण्याचा थोर कारखाना होता, आणि कारखान्याचे बँडात दियोग मिनेझिस म्हणोन कर्णा वाजविणारे होते, त्यांस सारे मास्तर म्हणत. मास्तरांनी पूर्वी जहाजावर चाकरी करिता परमुलखीच्या गाण्यांच्या एकसष्ट तबकड्या जमविल्या होत्या. ते गाणे ऐसे की पायाने ठेका धरावा आणि गळ्याने दुःख सांगावे. तिकडे त्यास ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणतात. मास्तरांचे मनी आले की हे रयतेस ऐकवावे, मग हुजुरात अर्जावर अर्ज केले, आणि हुजूरची मर्जी कैसी वळली न कळे, पण परवाना आला, मग टेकडीवर पाण्याचे टाकीशेजारी खोली बांधिली, लोखंडी खांब उभा केला आणि भोवतालचे तीन कोसांत नभोवाणीचे राज्य जाले. तबकड्या लावण्याचे काम मास्तरांची धाकटी बहीण एमाबाई यांजकडे सोपविले. पहिले दिवशी बाईंनी मोतिया रंगाचा फ्रॉक घातला होता, तो अद्याप स्मरतो.

त्याच दिवशी गफलत जाली. पाहुण्यांचे गडबडीत कोणी चहाची किटली तबकडीवर ठेविली आणि ओढून घेतली, तेणे ओरखडा पडला. त्या तबकडीवरील गाण्यात एक स्त्री आपल्या माणसास घरी ये म्हणोन हाक मारिते. अकरा वाजता गाणे लाविले, आणि हाकेपाशी सुई मागे उडाली, मग पुन्हा हाक, पुन्हा सुई मागे, आणि चौथे हाकेस एमाबाईंनी घाबरून सुई बोटाने पुढे लोटिली. खाली कारखान्यात अकराची चहाची सुटी होती, नभोवाणी लाविली होती. लोहारांस वाटले, गाणे ऐसेच आहे, आणि त्यांनी हरेक हाकेस टाळी दिली. मग तैसी दुसरी तबकडी कोठे मिळेना, बाई नित्य चौथे हाकेस सुई लोटीत, आणि अकराला चार हाका, चार टाळ्या, ऐसा शिरस्ता पडला. लग्नाचे बँडवालेही चारदाच वाजवू लागले. एखादे दिवशी बाईंचा हात उशिरा पोचे आणि हाका पाच होत, मग गेनू लोहार म्हणे, "पाच झाल्या रं. बाईला पडसं झालंय." आणि संध्याकाळी कोणी गवती चहाची जुडी टेकडीवर पोचवी.

ऐसी बत्तीस वर्षे चालिली. मास्तर देवाघरी गेले, आणि शके एकोणीसशे सव्वीसात निरंजन टिपणीस नामे तरुण कारभारी शहरातून आले आणि संगणक घेऊन आले. त्यात सारी गाणी स्वच्छ, धुतल्या तांदळासारखी. कारभारी एमाबाईंस बोलिले, "बाई, खूप केलंत. आता घरी आराम करा."

"घरी भिंती आहेत, बाबा. आराम कुणाबरोबर करू?"

कारभाऱ्यांनी शाल दिली, नारळ दिला, तबकड्या कपाटात घालून कुलूप लाविले, आणि बाई टेकडी उतरल्या.

दुसरे दिवशी अकराला एकच हाक आली आणि गाणे पुढे निघोन गेले. तीन टाळ्या वाऱ्यावर राहिल्या. मग सुटी संपण्याआधीच माणसे टेकडी चढली, आणि गेनूची बायको ठकूबाई डबा घेऊन आली होती, ती पुढे जाली.

"माझ्या लग्नात चार हाका वाजल्या. आता एकच म्हणता? तीन काय परत करू?"

"अहो काकू, ती तबकडी खराब होती. खरं गाणं हे आहे."

"खरं असंल, सायेब," गेनू बोलिला, "पर बाईला पडसं झालं तर आमाला कळायचं कसं?"

कारभारी हुशार. रात्रीत संगणकास शिकवून त्यांनी नेमक्या चार हाका बसविल्या. पाच दिवस टाळ्या पडल्या. सहावे दिवशी गेनू म्हणाला, "रोज चारच. ह्या यंत्राला कधी ठसका लागत न्हाई व्हय?" आणि हात खाली घेतले, मग बाकीच्यांनीही घेतले. कारभारी खिडकीत उभे राहोन ऐकत होते. आठ दिवस ऐकिले. मग कपाटाची किल्ली घेऊन आपण पायी एमाबाईंचे दारी गेले.

"बाई, चला. खाली कोणी टाळी देत नाही."

"चष्मा घेते," बाई बोलिल्या.

त्या दिवशी जुनी तबकडी लाविली, सुई अडकली, आणि चार हाका जाल्या, पाच जाल्या, बाईंचा हात पुढे होईना. नऊ हाका जाल्या. खाली गेनू म्हणाला, "रडतीया बाई. वाजवा रं." नऊ टाळ्या पडल्या.

येणेप्रमाणे राज्य गेले आणि माघारी आले. आजमितीस निम्मा कारखाना बंद, गेनू लोहार वारले, टाळ्या थोड्या. नित्य वाजोन तबकडी झिजली, ओरखडा गुळगुळीत जाला, सुई आता कोठे अडत नाही, आपली पुढे जाते. एमाबाई सुईस बोटाने हाकेपाशी मागे आणितात.