बशीतलं पिल्लू

दुपारी चार वाजता तपासनिसांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं आणि जाहीर केलं, "या पाण्यात जिवंत काहीच नाही. तुमचं यंत्र मारणार काय? माझा वेळ?"

सकाळीच मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, आजची चाचणी म्हणजे डाव्या हातचा मळ!" रिकामं जहाज कलंडू नये म्हणून पोटात पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात ओकतं. त्याबरोबर परके जीवही उतरतात. आमचं यंत्र त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे सोडतं. ते फुटले, की जिवांच्या चिंध्या! पण आमच्या धक्क्याचं पाणी इतकं घाण, की सगळे आधीच परलोकी पोचलेले.

मालक माझ्या कानाशी आले. "आज पास झालो नाही, तर उद्या कारखान्याला टाळं. काहीतरी जिवंत आण! का तुलाच टाकू?"

माझे सासरे मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना माशांचा नाद. माशांना घालायला ते गॅलरीत बरणीभर बारीक किडे वाढवतात. धावत गेलो. सासरे घोरत होते. बरण्या दोन होत्या. जिच्यात वळवळ जास्त, ती उचलली आणि यंत्रात रिकामी केली!

यंत्र घरघरलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं, मग निवळलं. तपासनिसांनी त्यातलं थोडं काचेच्या बशीत घेतलं. तळाशी सगळं निपचित! मालकांनी मला मिठीच मारली.

इतक्यात दारात सासरे. एकाच पायात चप्पल.

"जावईबापू, माझी डावीकडची बरणी?"

"किड्यांची ना, बाबा? सत्कारणी लागली!"

"किडे उजवीकडे होते! डावीकडे पिल्लं होती. कालच जन्मलेली."

सासूबाई गेल्यापासून ते माशांशीच बोलतात. मी जमिनीकडे बघितलं. ती काही दुभंगेना. सासरे बशीवर वाकले.

"अरे, हे एक शेपूट हलवतंय!"

तपासनिसांनी उचललेला शिक्का खाली ठेवला. "एक जरी जिवंत राहिलं, तरी नापास. तासभर थांबू."

तेव्हापासून बशीच्या एका बाजूला सासरे, "हल रे राजा, हल!" दुसऱ्या बाजूला हात जोडून मालक, "मर रे बाबा, मर!" मधूनमधून दोघंही माझ्याकडे बघतात.

तास संपत आलाय. शेपूट आत्ताच पुन्हा हललं. सासरे म्हणतात, पिल्लानं हलवलं. मालक म्हणतात, पंख्याच्या वाऱ्यानं. तपासनिसांनी पंखा बंद करायला सांगितलंय.

बटण माझ्या हाताशी आहे.