अप्पा हरले नव्हते

अप्पा माझ्याशी एकदाच हरले, आणि तेही खरं नव्हतं. हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आता ऐंशीला टेकलोय, म्हणून लिहून टाकतो.

अप्पा मूळचे उदगीरचे, बियाण्यांचे व्यापारी. पत्नी वारलेली, मुलगा लातूरला, आणि हे एकटे नांदेडला माझ्या शेजारी. कॉलनीतल्या मंदिरासमोर षटकोनी ब्लॉक बसवले तेव्हा आम्ही सगळ्यांनी कंत्राटदाराला नावं ठेवली. अप्पांनी मात्र उकिडवं बसून ब्लॉक मोजले, खडूनं अकरा बाय अकराची तिरकी चौकट आखली आणि इथं कुणी गाडी लावायची नाही असं जाहीर केलं. एकदा तर लग्नाची वरातसुद्धा कडेनं वळवली. बँडवाले गुमान वळले, नवरदेवाची घोडी तेवढी चौकटीत अडून राहिली. अप्पा तिला म्हणाले, "बाई, खेळायचं आसंल तर बस, न्हाई तर बाजूला हो."

खेळ सोपा. अप्पांकडं विटांचे तुकडे, माझ्याकडं पांढऱ्या फरशीचे. आळीपाळीनं एकेका ब्लॉकवर, म्हणजे घरात, एकेक ठेवायचा. ठेवलेला हलवायचा नाही. अप्पांनी मंदिराच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत सलग रांग लावायची, मी कडुनिंबापासून नळापर्यंत. एकाची रांग पूर्ण झाली की दुसऱ्याची तुटलीच, त्यामुळं बरोबरी नाही. पहिला तुकडा मी ठेवला आणि अप्पांना जागा आवडली, तर ती खेळी त्यांनी स्वतःची म्हणायची. एकानं भाकर मोडावी, दुसऱ्यानं तुकडा निवडावा, हा त्यांचा न्याय.

मी तुकड्याला तुकडा चिकटवत जायचो. अप्पा पोट धरून हसायचे. "गुरुजी, भिंत बांधून राहिले का? जरा सोडून ठेवा. मधी दोन घरं मोकळी ऱ्हाऊ द्या. म्या एक अडवलं की तुमी दुसऱ्यातून जावा." असं शिकवून पुन्हा रोज हरवायचे.

त्या संध्याकाळी मी एका घरानं हरत होतो. अप्पा कुकर बंद करायला आत गेले, आणि मी चपलेच्या टोकानं माझा तुकडा शेजारच्या ब्लॉकवर सरकवला. उभी हयात पोरांच्या कॉप्या पकडलेला मास्तर मी.

अप्पा आले, बराच वेळ बघत राहिले. दोन खेळ्यांत माझी रांग पूर्ण झाली. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि गुरुजी जितले म्हणत कॉलनीभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चौकट पाण्यानं धुऊन काढली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते घर मोकळं हाय असं मला पक्कं वाटलं व्हतं. अन् न्हवतं. माझ्या बापाचं बी असंच सुरू झालतं, गुरुजी. शेवटी मला वळखंना."

वय झालं की होतं असं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. महिन्याभरात अप्पा मुलाकडं लातूरला गेले.

खरं काय ते सांगूनच यायचं म्हणून एकदा मी लातूर गाठलं. त्यांनी कडकडून मिठी मारली, सुनेला धपाटे करायला लावले. त्यांच्या खिशात नातवंडांच्या नावांची चिठ्ठी होती. ती माझ्या हातात देऊन त्यांनी सातही नावं घडाघडा म्हणून दाखवली, शाळेत चुणचुणीत पोर म्हणतं तशी. एकही चुकलं नाही. तरी चिठ्ठी परत घेऊन जपून घडी घातली. मी धपाटे खाल्ले, खेळाच्या जुन्या गमती काढून त्यांना हसवलं आणि परतीची बस पकडली.

गेल्या वर्षी अप्पा गेले.

अप्पा, तुम्हाला बरोबरच दिसलं होतं. ते घर मोकळंच होतं. मला माफ करा.